ओहोटी गाठून घेतलेला फोटो : उत्तनच्या किनाऱ्यावरील एका छायाचित्राची कृती

समुद्राचा फोटो काढायला निघण्यापूर्वी मी पंचांगात तिथी पाहतो. बॅटरी, लेन्स आणि मेमरी कार्ड यांचा विचार त्यानंतर येतो. ठाणे शहराला खाडी आहे, तलाव आहेत, पण उघडा समुद्र आणि वाळू हवी असेल तर घोडबंदर रस्त्याने काशिमिऱ्यापर्यंत आणि तिथून भाईंदर पश्चिमेमार्गे उत्तनपर्यंत जावे लागते. सुट्टीच्या दिवशी त्या रस्त्यावर किती वेळ मोडेल याचा भरवसा कोणी देऊ नये. एवढी वाट तुडवून किनाऱ्यावर पोहोचावे आणि पाणी वरच्या दगडांपर्यंत चढलेले असावे, तर हातातला कॅमेरा कितीही महागडा असला तरी ओल्या वाळूचा फोटो त्या दिवशी मिळत नाही. माझे सर्वांत आवडते छायाचित्र याच किनाऱ्यावरचे आहे. ते कसे ठरवले, कसे टिपले आणि घरी आल्यावर त्याच्यावर काय काय केले, हे क्रमाने सांगितले तर तसाच फोटो काढू इच्छिणाऱ्याला त्याचा उपयोग होईल.

छायाचित्र साधे आहे. ओहोटीला पाणी मागे हटल्यावर वाळूवर एका कुशीवर कललेली मासेमारीची होडी, तिच्या नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, निघून चौकटीच्या डाव्या खालच्या कोपऱ्याकडे येणारा नांगराचा ओला दोर, होडीखालच्या पाणथळ वाळूत पडलेले तिचे अर्धे प्रतिबिंब आणि मागे नारिंगीकडून जांभळ्याकडे झुकणारे, एकही ढग नसलेले आकाश. सूर्य त्यात नाही. माघ महिन्यातल्या कृष्ण प्रतिपदेची ती संध्याकाळ होती आणि ती तिथी मी मुद्दाम निवडली होती.

तिथी, भरती आणि मावळतीची जागा

आपल्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते, आणि त्यांची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. कोकणपट्टीत भरतीची वेळ काढण्याचा एक जुना ठोकताळा आहे : तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठ वाजता. हिशेब दोन्ही पक्षांना सारखाच लागू पडतो. भरतीनंतर सव्वासहा तासांच्या आसपास पूर्ण ओहोटी येते. हा अंदाज अर्ध्यापाऊण तासाने चुकू शकतो, म्हणून जाण्याच्या आदल्या दिवशी तो भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून पाहावा. तक्ते मोबाइलवर सहज मिळतात. तरीही महिनाभर आधी बेत आखताना हा ठोकताळा तक्त्यापेक्षा सोयीचा पडतो, कारण कॅलेंडरवर तिथी डोळ्यांसमोरच असते.

आता याच हिशेबाने प्रतिपदा पाहावी. भरती पाऊण वाजता, म्हणजे ओहोटी संध्याकाळी सातच्या सुमारास. फेब्रुवारीच्या मध्यावर आपल्याकडे सूर्य साधारण सहा चाळीसला मावळतो. याचा अर्थ असा की सूर्यास्ताच्या वेळी पाणी ओहोटीच्या अगदी शेवटच्या टप्प्यात असते, किनारा जवळजवळ पूर्ण उघडा पडलेला असतो आणि नुकतेच पाणी ओसरल्यामुळे वाळू अजून ओली असते. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आगेमागे उधाण असते, त्यामुळे पाणी जसे जास्त चढते तसे जास्त उतरतेही. मुंबईच्या परिसरात उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांच्या पातळ्यांतला फरक सरासरी साडेतीन मीटरच्या पुढे जातो, तर अष्टमीच्या सुमारास, म्हणजे भांगाच्या दिवसांत, तो दीड मीटरच्या आत राहतो. संध्याकाळच्या ओल्या वाळूसाठी पौर्णिमा आणि अमावास्येनंतरची प्रतिपदा आणि द्वितीया हे दिवस मला सर्वांत चांगले वाटतात. अष्टमीची संध्याकाळ मी शक्यतो टाळतो, कारण तेव्हा नेमके सहाच्या सुमारास पाणी भरलेले असते.

पाणी चढत असतानाही फोटो काढता येतो, पण त्यात एक अडचण असते. चढते पाणी कोरड्या वाळूवरचा कचरा, फेस आणि पालापाचोळा पुढे ढकलत आणते, तर उतरते पाणी मागे स्वच्छ, नितळ पृष्ठभाग ठेवून जाते. प्रतिबिंब हवे असेल तर उतरत्या पाण्याला पर्याय नाही.

दुसरी गोष्ट सूर्य मावळण्याच्या जागेची. उत्तनचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, तरी सूर्य वर्षभर एकाच ठिकाणी मावळत नाही. आपल्या अक्षांशावर डिसेंबरअखेर तो पश्चिमेच्या सुमारे २५ अंश दक्षिणेला आणि जूनअखेर तितकाच उत्तरेला मावळतो. म्हणजे मावळतीची जागा क्षितिजावर वर्षभरात जवळजवळ ५० अंश सरकते. डिसेंबरमध्ये ज्या खडकामागे सूर्य बुडताना पाहिला, त्याच खडकाच्या भरवशावर मे महिन्यात जाऊन उपयोग नाही. सूर्याची दिशा दाखवणारी मोबाइल ॲप्स आहेत, ती घरी बसून पाहून घ्यावीत.

ऋतूबद्दल थोडक्यात सांगायचे तर पावसाळ्यानंतरच्या आठवड्यांत हवा धुतलेली असते आणि ढगही असतात, म्हणून रंगांचा खेळ हवा असणाऱ्याने तेव्हा जावे. हिवाळ्यात क्षितिजावर धुरकट थर साचतो आणि सूर्य समुद्राला टेकण्याआधीच त्यात विरून जातो. अनेकांना हे निराशाजनक वाटते. मला मात्र ते सोयीचे वाटते, कारण आकाशात पाहण्यासारखे काही उरले नाही की नजर आपोआप वाळूकडे उतरते. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात होड्या किनाऱ्यावर वर ओढून झाकून ठेवलेल्या असतात; तो वेगळ्या छायाचित्रांचा विषय आहे आणि या कृतीसाठी तो काळ कामाचा नाही.

किनाऱ्यावर पोहोचल्यावर

सूर्यास्ताच्या किमान दीड तास आधी पोहोचावे आणि पहिला अर्धा तास कॅमेरा पिशवीतच ठेवावा. या वेळात किनारा चालून पाहायचा असतो : कोणत्या होड्या वाळूवर टेकल्या आहेत, कोणत्या अजून तरंगत आहेत, वाळू कुठे सपाट आहे आणि कुठे चिखल आहे, पाण्याचे ओहोळ कुठून वाहत आहेत. सूर्य किती वेळात मावळेल हे घड्याळाशिवायही कळते. हात पूर्ण लांब करून बोटे आडवी धरावीत. क्षितिज आणि सूर्य यांच्यामध्ये जितकी बोटे मावतात तितके पाव तास उरलेले असतात. चार बोटे मावली तर साधारण एक तास आहे, असे समजावे.

उत्तन हे मच्छीमारांचे गाव आहे आणि किनारा हे त्यांचे कामाचे ठिकाण आहे, हे लक्षात ठेवूनच तिथे वावरावे. बांबूच्या आडव्या काठ्यांवर बोंबील सुकत घातलेले असतात. त्यांच्या रांगा फोटोत सुंदर दिसतात, पण चौकट साधण्यासाठी त्या काठ्यांना रेलणे किंवा खाली पसरलेल्या जाळ्यांवर पाय देणे योग्य नाही. काम करणाऱ्या बायकांचा फोटो काढायचा असेल तर आधी विचारावे. ‘मावशी, फोटो काढला तर चालेल का?’ एवढे विचारले की बहुतेक वेळा होकार मिळतो, आणि नकार मिळाला तर कॅमेरा खाली ठेवावा. होडीचेही तसेच आहे. मला हवी असलेली होडी फोटो होईपर्यंत जागची हलणार नाही ना, हे मी जवळच जाळे विणत बसलेल्या तांडेल काकांना विचारले, तेव्हा ते मान वर न करता म्हणाले, ‘पाणी चढल्याशिवाय ती कुठं जातेय?’ एवढी माहिती मला पुरेशी होती.

होडी निवडताना मी तीन गोष्टी पाहिल्या. ती एका बाजूला कललेली होती, त्यामुळे तिच्या आकाराला एक तिरकस रेषा मिळाली. सरळ उभी होडी छायाचित्रात पुष्कळदा निर्जीव दिसते. तिच्या आजूबाजूला दुसरी होडी नव्हती, त्यामुळे काळ्या आकृती एकमेकींत मिसळण्याचा धोका नव्हता. आणि तिचा दोर माझ्या दिशेने येत होता. किनाऱ्यावरच्या छायाचित्रात मधली वाळू मोठी आणि मोकळी असते. तिथून नजरेला विषयापर्यंत नेणारे काहीतरी नसेल तर चौकटीचा खालचा अर्धा भाग वाया जातो. दोर, ओहोळ, पाण्याने पाडलेल्या लहरी, यांपैकी काहीही चालते.

कॅमेऱ्याची उंची हा या सगळ्यातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे आणि नेमका तोच बहुतेक जण घेत नाहीत. डोळ्यांच्या उंचीवर ट्रायपॉड उभा करून मोकळे होतात. पाण्याच्या पृष्ठभागावर आपण जितके तिरके पाहू तितके त्यातून जास्त प्रकाश परत येतो. सरळ वरून पाहिले तर पाणी सुमारे २ टक्केच प्रकाश परावर्तित करते, पण नजर पृष्ठभागाशी दहा अंशांचा कोन करत असेल तर हे प्रमाण ४० टक्क्यांच्या जवळ जाते. म्हणून उभे राहून पाहताना जी वाळू नुसती करडी दिसते, तीच गुडघ्याच्या उंचीवरून पाहिल्यावर आकाशाचा रंग दाखवू लागते. अगदी जमिनीलगत कॅमेरा नेला तर मात्र वाळूची पट्टी इतकी आवळली जाते की प्रतिबिंबाला जागाच उरत नाही. माझ्या छायाचित्रात कॅमेरा गुडघ्याच्या किंचित खाली होता. त्या उंचीवरून होडीची नाळ क्षितिजाच्या वर स्वच्छ दिसत होती आणि खाली तिच्या प्रतिबिंबालाही पुरेशी वाळू मिळत होती. नाळेचे टोक क्षितिजाच्या रेषेवर नेमके टेकणार नाही, याची काळजी इथे घ्यावी लागते.

याच कारणासाठी पोलरायझर फिल्टर लेन्सवरून काढून ठेवावा. आकाशाचा निळा रंग गडद करण्यासाठी पुष्कळ जण तो कायम लावलेला ठेवतात, पण त्याचे कामच पृष्ठभागावरची चकाकी कापण्याचे आहे. म्हणजे जे टिपायला आपण एवढ्या दूर आलो, तेच तो पुसून टाकतो.

ओल्या वाळूत ट्रायपॉडचे पाय हळूहळू रुततात. तो उभा केल्यावर वरून दाब देऊन पाय आधीच वाळूत रोवावेत, एक लाट पायांभोवतून जाऊ द्यावी आणि मगच चौकट पक्की करावी. लाट पायाखालची वाळू ओढून नेते आणि क्षितिज तिरपे होते. मधला दांडा वर काढू नये. लेन्स किनाऱ्यावर बदलू नये. संध्याकाळी वारा समुद्रावरून येतो आणि त्याबरोबर खारे तुषार येतात, म्हणून लेन्सची काच दर काही मिनिटांनी उजेडात तिरकी धरून तपासावी.

सेटिंग आणि नेमका क्षण

आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) १००, छिद्र एफ/११, शटर पाव सेकंद, व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) ‘डेलाइट’वर, फोकस होडीवर घेऊन हाताने कायम केलेला, फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, स्वरूपात. माझ्या छायाचित्राची सेटिंग एवढीच आहे. यातला शटरचा वेग विचार करून ठरवावा लागतो. सेकंदाच्या पाचशेव्या भागात लाट गोठते आणि तिचा प्रत्येक थेंब दिसतो. काही सेकंदांच्या एक्सपोजरला समुद्र दूध सांडल्यासारखा दिसतो, आणि हा दुसरा प्रकार आता इतका झाला आहे की त्याचा मला कंटाळा आला आहे. पाव ते अर्ध्या सेकंदात मागे सरकणारे पाणी वाळूवर बारीक रेषा ओढते, त्यांतून ओहोटीची दिशा दिसते, आणि पाणी पाण्यासारखेच राहते. उजेड जास्त असल्यामुळे एवढे मंद शटर जमत नसेल तर तीन स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे उजेड आठव्या हिश्श्यावर आणणारी गडद काच (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट), लावावी, किंवा सरळ थोडे थांबावे.

थांबणेच चांगले. आपल्या अक्षांशावर सूर्याची चकती क्षितिजाला टेकल्यापासून पूर्ण बुडेपर्यंत सव्वादोन-अडीच मिनिटेच लागतात आणि त्यानंतर साधारण २२ ते २४ मिनिटे संधिप्रकाश चांगला राहतो. सूर्य दिसेनासा झाला की किनाऱ्यावरची गर्दी मागे वळते, भेळेच्या गाड्यांकडे जाते, आणि नेमक्या त्याच वेळी आकाश आणि वाळू यांच्या उजेडातला फरक कमी होऊन कॅमेऱ्याच्या आवाक्यात येतो. माझा फोटो सूर्यास्ताच्या वेळेनंतर दहाएक मिनिटांनी घेतलेला आहे. सूर्य चौकटीत असता तर होडी काळी ठिक्कर झाली असती आणि प्रतिबिंबाकडे कोणी पाहिलेही नसते.

व्हाइट बॅलन्स ‘ऑटो’वर ठेवला तर कॅमेरा संध्याकाळच्या नारिंगी रंगाला दोष समजून तो दुरुस्त करू पाहतो. रॉ फाइलमध्ये हे नंतर बदलता येते, तरी जागेवर पडद्यावर खरा रंग दिसला तर एक्सपोजरचा निर्णय नीट घेता येतो. एक्सपोजर तपासताना नुसता फोटो न पाहता हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाच्या पातळ्यांचा आलेख, पाहावा, आणि तोही तिन्ही रंगांचा वेगवेगळा. संध्याकाळच्या आकाशात सर्वांत आधी लाल रंगाची पट्टी उजव्या भिंतीला आदळते. एकत्रित हिस्टोग्राम ठीक दिसत असतानाही लाल रंगातला तपशील उडालेला असतो आणि मग नारिंगीच्या छटा जाऊन एकच सपाट डाग उरतो.

आता क्षणाविषयी. लाट मागे गेल्यावर वाळूवर पाण्याचा जो पातळ पापुद्रा राहतो तो काही सेकंदच टिकतो, मग वाळू त्याला पिऊन टाकते आणि चकाकी मंदावते. म्हणून लाट वर येताना शटर दाबू नये; ती पूर्ण मागे फिरली, तिची फेसाची कड होडीच्या प्रतिबिंबाच्या पलीकडे गेली, की दाबावे. दोन सेकंदांचा टायमर लावत असाल तर तेवढे आधी. चौकट न हलवता लाटेमागून लाट असे फोटो घेत राहावे, कारण प्रत्येक लाट वेगळी रेषा आखते आणि कोणती चांगली ते घरी मोठ्या पडद्यावरच कळते.

मोबाइलवरही हे सगळे होऊ शकते. पडद्यावर होडीच्या जागी बोट दाबून धरले की फोकस आणि एक्सपोजर कायम होतात. मग एक्सपोजर थोडे खाली ओढावे. फोनमध्ये प्रो मोड आणि रॉ फाइलची सोय असेल तर ती वापरावी, कारण नेहमीच्या मोडमध्ये फोन सावल्या आपणहून इतक्या उजळतो की संध्याकाळ दुपारसारखी दिसू लागते. फोन वाळूजवळ उलटा धरला, म्हणजे लेन्स खाली आली, की प्रतिबिंबाचा कोन आणखी चांगला मिळतो.

उधाणाच्या ओहोटीत माणूस नकळत फार आत जातो, म्हणून परतण्याचाही हिशेब हवा. ओहोटी पूर्ण झाल्यावर पहिल्या तासात पाणी एकूण चढाच्या बाराव्या भागाएवढेच चढते, दुसऱ्या तासात दोन भाग, तिसऱ्या आणि चौथ्या तासांत प्रत्येकी तीन भाग. साडेतीन मीटरच्या उधाणात मधल्या त्या दोन तासांत पाणी पावणेदोन मीटर चढते, आणि किनारा सपाट असल्यामुळे ते आडवे किती धावते याची कल्पना अंधारात येत नाही. शिवाय मागच्या बाजूचे खोलगट ओहोळ आधी भरतात. ओहोटीच्या वेळेनंतर अर्ध्या तासात सामान आवरावे आणि टॉर्च जवळ ठेवावी.

घरी आल्यावर फोटो पाहण्याची कितीही घाई असली तरी आधी ट्रायपॉडचे पाय गोड्या पाण्याने धुवावेत. लेन्सवर मिठाचे कण असतील तर कोरड्या कापडाने पुसू नये. आधी फुंकणीने वाळू उडवावी, मग किंचित ओलसर कापडाने हलक्या हाताने मीठ उचलून घ्यावे.

संपादन

एकाच चौकटीच्या त्या मालिकेतून मी निवड एका कसोटीवर केली : फेसाची रेषा होडीच्या प्रतिबिंबाला मधून कापत नाही असा फोटो. आकाशाचा रंग अधिक चांगला असलेले दुसरे काही फोटो होते, पण रंग नंतर थोडाफार सांभाळता येतो, रेषा सांभाळता येत नाही.

संपादनासाठी लाइटरूम, मोफत हवे असेल तर संगणकावर डार्कटेबल आणि फोनवर स्नॅपसीड, यांपैकी काहीही चालते. सर्वांत आधी क्षितिज सरळ करावे, कारण समुद्राची रेषा अर्ध्या अंशाने कलली तरी डोळ्याला खुपते. मग चौकट. मी उजवीकडचा अर्धवट कापला गेलेला खडक बाहेर ठेवून ३:२ ची चौकट ४:३ केली. एफ/११ ला सेन्सरवरची धूळ आकाशात करड्या ठिपक्यांसारखी दिसते, ती फोटो शंभर टक्के मोठा करून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहत पुसावी. धूळ पुसण्याबद्दल दुमत नाही. वस्तू पुसण्याबद्दल आहे. होडीजवळ वाळूत अडकलेले प्लास्टिक मी फोटो काढण्याआधी हाताने उचलून बाजूला केले होते. पण दूर पाण्यावर एक पांढरी पिशवी तरंगत होती, ती मी संगणकावर काढून टाकली नाही, फक्त तिचा पांढरेपणा थोडा उतरवला. उत्तनच्या पाण्यावर त्या संध्याकाळी ती होती.

यानंतर उजेडाचे काम. माझ्या फाइलमध्ये हायलाइट (उजळ भाग) उणे ३५, शॅडो (गडद भाग) अधिक २०, काळा उणे ८ आणि रंगतापमान ५५०० च्या जवळ आहे. हे आकडे तसेच्या तसे उचलण्यात अर्थ नाही. त्यांचा क्रम आणि त्यांची मर्यादा उचलावी. शॅडो आणखी वाढवल्यावर होडीच्या अंगावरचा निळा-हिरवा रंग छान दिसू लागला, पण त्याबरोबर तिच्यावर रंगवलेला नोंदणी क्रमांकही वाचता येऊ लागला. चित्रात अक्षरे दिसली की नजर आधी ती वाचायला जाते. रंग जाणवेल पण अक्षरे वाचता येणार नाहीत अशा जागी मी थांबलो, आणि ज्याची होडी आहे त्याच्या दृष्टीनेही ते बरे झाले.

आता या फोटोच्या संपादनातला मुख्य भाग, म्हणजे आकाश आणि वाळू यांचे नाते. आकाशावर वरून खाली उतरणारा ग्रेडियंट मास्क, म्हणजे हळूहळू विरत जाणारा पडदा, लावून ते थोडे गडद करणे ही सर्वमान्य रीत आहे. अडचण अशी की ओल्या वाळूतले प्रतिबिंब ज्या आकाशाचे आहे त्याच्यापेक्षा ते उजळ असूच शकत नाही, कारण पाणी येणाऱ्या उजेडाचा काही भागच परत पाठवते. वरचे आकाश गडद करत गेले आणि खालची वाळू उजळत ठेवली की हे नाते उलटे होते. पाहणाऱ्याला नेमके काय चुकले ते सांगता येत नाही, पण चित्र खोटे आहे हे त्याला कळते. किनाऱ्याचे असे फोटो मी इतके पाहिले आहेत की आता तपासणीची एक सोपी पद्धत ठरवून टाकली आहे : क्षितिजाच्या थोडे वरचा आणि प्रतिबिंबातला त्याच पट्ट्याचा उजळपणा संगणकावर मोजायचा, आणि प्रतिबिंबाचा आकडा कमी आहे याची खात्री करायची. माझ्या फोटोत आकाशाला फक्त अर्धा स्टॉप उतरवले आहे आणि प्रतिबिंबावर स्वतंत्र मास्क लावून कॉन्ट्रास्ट किंचित वाढवला आहे, उजेड नाही.

ग्रेडियंटचा दुसरा धोका डोलकाठीचा. मास्क आकाशाबरोबर डोलकाठीवर आणि तिच्यावरच्या बावट्यांवरही पडतो, ते अकारण काळवंडतात आणि त्यांच्या कडांना उजळ वलय येते. लाइटरूममध्ये आणि डार्कटेबलमध्ये मास्क उजेडाच्या पातळीनुसार आवळता येतो. फक्त उजळ भागावर तो ठेवला की डोलकाठी सुटते. स्नॅपसीडमध्ये ब्रशने हे काम हाताने करावे लागते आणि त्याला धीर लागतो.

‘डीहेझ’ नावाचे, धुरकटपणा काढणारे बटण हिवाळ्यातल्या किनारी फोटोंचा सर्वांत जास्त नाश करते, असे माझे मत आहे. धुरकट हवा हा त्या संध्याकाळचा रंग आहे. ती खरवडून काढली की आकाश जांभळट आणि जड होते, क्षितिजाची रेषा चाकूने कापल्यासारखी दिसू लागते आणि दूरची होडी जवळ येते. मी ते फक्त पुढच्या वाळूवर, अधिक ८ इतकेच वापरले. सॅच्युरेशनला, म्हणजे सगळ्या रंगांच्या गडदपणाला, हात लावला नाही. व्हायब्रन्स थोडा वाढवला, कारण तो आधीच गडद असलेल्या नारिंगीला सोडून फिक्या रंगांना उचलतो. शार्पनिंग होडी आणि दोरावर केले, आकाशाला आणि हलत्या पाण्याला त्यातून वगळले.

एवढे झाल्यावर फाइल बंद करून दुसऱ्या दिवशी दिवसाच्या उजेडात उघडावी. रात्री अंधाऱ्या खोलीत बसून संपादन केलेले फोटो सकाळी हमखास जास्त गडद आणि जास्त रंगीत वाटतात. मी दुसऱ्या दिवशी व्हायब्रन्स निम्म्यावर आणला.

छपाई

मोबाइलवर पाठवण्यासाठी लांब बाजू २०४८ पिक्सेल आणि रंगव्यवस्था एसआरजीबी पुरते. बाहेर पाठवायच्या प्रतीतून ठिकाणाची माहिती काढायची की ठेवायची, ते आपले आपण ठरवावे. छापायचे असेल तर हिशेब वेगळा : १६ बाय १२ इंचांच्या प्रतीला ३०० डीपीआयने (दर इंचाला ३०० ठिपके) ४८०० बाय ३६०० पिक्सेल लागतात, आणि २४ मेगापिक्सेलची चौकट ४:३ कापल्यावरही ५३०० च्या पुढे रुंदी उरते, म्हणजे ते सहज जमते. छापून आलेला फोटो पडद्यापेक्षा काळपट दिसतो, कारण पडदा स्वतः उजळतो आणि कागद उजळत नाही. म्हणून छपाईसाठी फाइल तयार करताना पडद्याचा उजेड निम्म्यावर आणावा. कागद चकचकीत घेऊ नये. ओल्या वाळूच्या प्रतिबिंबावर खोलीतल्या दिव्याचे आणखी एक प्रतिबिंब पडते आणि फोटो पाहण्यासाठी मान तिरकी करावी लागते. मॅट किंवा लस्टर (किंचित चमकीचा) चांगला.

मोठी प्रत काढण्याआधी ८ बाय ६ ची चाचणी प्रत छापून घ्यावी आणि ती ज्या भिंतीवर फोटो लावायचा आहे तिथेच, दिवसा आणि रात्री दिव्याखाली, अशी दोन्ही वेळा पाहावी. माझ्या चाचणी प्रतीत होडीच्या खालची सावली बुजली होती, म्हणून छपाईच्या फाइलमध्ये शॅडो आणखी दहाने वाढवले. ही फाइल मूळ संपादित फाइलपासून वेगळी, नावात कागदाचा प्रकार आणि आकार लिहून ठेवावी. पुढच्या वेळी दुसऱ्या कागदावर छापायचे झाले तर तिथपासून सुरुवात न करता मूळ फाइलपासून करावी लागते.